भिंतीवरची बुरशी: ही ॲलर्जी आहे की विषबाधा?

आमच्या बेडरूमची पश्चिमेकडची भिंत दर वर्षी जुलैच्या सुमारास काळी पडते. दिवाळीआधी रंग दिला की आठेक महिने नवीकोरी दिसते, आणि पाऊस स्थिरावला की कपाटामागून ठिपके पुन्हा डोकं वर काढतात. ठाण्या-डोंबिवलीकडे किंवा कोकणात राहणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव येते, पुस्तकांना कुबट वास मारतो आणि घरात कुणी ना कुणी शिंकत असतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे तिघांना तीन वेगळे त्रास झाले. मुलीला शिंका आणि नाकाला खाज. सासऱ्यांना थंडी वाजून ताप. मला घशात आग आणि छाती आवळल्यासारखी. तिन्हींचा दोष आम्ही बुरशीलाच दिला. शेजारच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या होऊन म्हणाल्या, "अगं, काळी बुरशी विषारी असते. लेकराला घेऊन त्या खोलीत झोपू नकोस." त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. पुढचे दोन महिने डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या, एक वही भरली, आणि मग उलगडा झाला: तिघांपैकी फक्त मुलीचा त्रास भिंतीशी जोडलेला होता, आणि तोही निम्माच. ज्यांच्या घरी दर पावसाळ्यात हाच घोळ होतो, त्यांच्यासाठी तो उलगडा इथे लिहिते आहे. औषध कोणतं आणि धावपळ किती, हे सगळं या निदानावरच ठरतं.

आधी तीन प्रश्न

त्रास कुणाकुणाला होतो? किती वेळाने सुरू होतो? आणि खाज सुटते की आग होते?

ॲलर्जी माणूस निवडते. एकाच खोलीत चौघं झोपतात आणि एकच शिंकतं. ज्याच्या शरीराने त्या बुरशीला पूर्वी कधीतरी शत्रू ठरवून आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार ठेवलेली असतात, त्यालाच त्रास होतो. त्याला मूठभर बीजाणू, म्हणजे बुरशीचं हवेत उडणारं बी, लागत नाहीत, थोडेसेही पुरतात. कण नाकात गेले की पेशी हिस्टामीन नावाचं रसायन सोडतात आणि काही मिनिटांत शिंका, पाण्यासारखं गळणारं नाक, डोळ्यांना आणि टाळूला खाज सुरू होते. म्हणूनच हिस्टामीन अडवणारी गोळी घेतली की साधारण तासाभरात आराम पडतो.

विष माणूस निवडत नाही, ते मात्रा बघतं. पुरेशा मात्रेत गेलं तर घरातल्या सगळ्यांना बाधतं. लहान मूल, म्हातारं माणूस आणि पाळलेली मांजर यांना बहुधा आधी. पूर्वी कधी संपर्क आला होता की नाही, याने फरक पडत नाही. लक्षणंही वेगळी: आग, डोकेदुखी, मळमळ, उलटी, चक्कर, कधी ताप. खाज बहुतेक वेळा नसते, आणि ॲलर्जीच्या गोळीने काही हलत नाही.

कुबट वासाचं प्रकरण या दोन्हींच्या मधलं आहे. बुरशी वाढताना हवेत उडून जाणारी रसायनं सोडते, तोच तो ओल्या पोत्यासारखा वास. काहींना त्याने डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं. खिडकी उघडली की बरं वाटतं. ही ॲलर्जीही नाही आणि विषबाधाही नाही, नुसती चुरचुर आहे.

मुलीच्या शिंका

सकाळी उठल्याबरोबर दहा-बारा शिंका एकामागून एक. मग तळहाताने नाकाचा शेंडा खालून वर घासत बसायची. हे इतकं रोजचं झालं होतं की नाकाच्या मधोमध एक आडवी बारीक रेघ उमटली होती. मला वाटायचं, चष्म्याची असेल. डॉक्टरांनी खुर्चीत बसता बसताच ती रेघ बघितली आणि विचारलं, "ही नाक असंच वर घासते ना?" ॲलर्जीच्या मुलांची ही जुनी खूण आहे.

त्यांनीच वही ठेवायला सांगितली. रोज चार गोष्टी लिहायच्या: कुठे झोपली, शिंका कधी, गोळी दिली का, घराबाहेर किती तास. पंधरा दिवसांत चित्र दिसू लागलं. शाळेत बरी, शनिवार-रविवारी घरी असली की जास्त. जुलैच्या मध्यावर ती चार दिवस मावशीकडे सोलापूरला गेली. तिथे चारही दिवस एक शिंक नाही. परत आल्यावर स्वेटर काढायला त्या भिंतीलगतचं कपाट उघडलं आणि अर्ध्या तासात नाक गळायला लागलं. तिचा बाबा त्याच खोलीत, त्याच पलंगावर झोपतो, त्याला काही नाही. गोळी दिली की तासाभरात शांत.

एक सूचना कोकणी माणसांना: ही बाहेरगावची परीक्षा करायची तर घाटावर जा. पावसाळ्यात मुंबईहून गावी राजापूर-देवगडला गेलात तर तिथेही तितकीच ओल आणि तितकीच बुरशी असते. त्रास थांबला नाही म्हणून भिंत निर्दोष ठरत नाही.

मग त्वचेवरची टोचणी चाचणी झाली. हातावर थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते का बघतात. त्याआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी निरोगी दाखवते. हे आधी नीट विचारून घ्या. आमची एक फेरी यामुळेच फुकट गेली. मुलीला ॲस्परजिलस या बुरशीची लहान गांधी उठली आणि धुळीतल्या किड्याची चांगली टपोरी. हा डोळ्यांना न दिसणारा किडा गादी-उशीत राहतो आणि त्यालाही दमट हवाच लागते. ओल वाढली की बुरशी आणि किडा दोघंही माजतात, आपल्याला मात्र भिंतीवरची काळी बुरशी तेवढी दिसते. म्हणून भिंत घासून निम्मा त्रास गेला आणि उरलेल्यातला बराचसा गादीला चेनचं घट्ट कव्हर घालून, चादरी-अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुऊन गेला.

चाचणीत गांधी उठणं म्हणजे तोच त्रासाचा उगम, असंही नसतं. शरीराने ते ओळखलंय इतकंच ती सांगते. वहीतली हकिकत आणि चाचणी जुळली तरच निदान पक्कं. आणि शेकडो पदार्थांची यादी असलेली 'आयजीजी पॅनेल' रक्ततपासणी कुणी सुचवली तर पैसे वाचवा. आयजीजी ही आयजीईहून वेगळी प्रतिद्रव्यं, ॲलर्जी ओळखायला ती तपासणी उपयोगी नाही.

दम्याच्या लोकांनी मात्र हे नुसत्या शिंकांचं प्रकरण समजू नये. बुरशीच्या ॲलर्जीने घरघर वाढते, पंप वारंवार लागतो. दमा असलेल्या मोठ्या माणसाच्या खोकल्यातून तपकिरी, घट्ट, गुठळीसारखे बेडके पडू लागले तर ॲस्परजिलस श्वासनलिकेत ठाण मांडून ॲलर्जी करत असण्याची शक्यता असते. छातीच्या फोटोत ते क्षयासारखं दिसतं, आणि आपल्याकडे अशा कित्येकांना आधी क्षयाची औषधं दिली जातात. छातीरोगतज्ज्ञांना सांगून आयजीईची रक्ततपासणी करून घ्यावी.

सासऱ्यांचा ताप

अण्णा तेव्हा गावी होते. गोठ्याच्या माळ्यावर गळकं कौल होतं, त्याखालचा पेंढा भिजून कुजला होता. त्यांनी आणि शेजारच्या बाळूकाकांनी मिळून तो सगळा खाली ओढला. दुपारभर राखाडी धूर निघावा तशी धूळ उडत होती, तोंडाला नुसता पंचा. रात्री नऊच्या सुमारास अण्णांना हुडहुडी भरली. ताप, अंग मोडून आलेलं, कोरडा खोकला. वहिनीने फोन केला तेव्हा मला पहिला आठवला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. कोकणात पावसाळ्यात शेणा-चिखलात वावरलेल्या माणसाला ताप आला की तोच विचार आधी करायचा, आणि मलेरिया-डेंग्यूचाही. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. दोन दिवसांत ताप आपोआप उतरला.

कोडं सुटलं ते बाळूकाकांमुळे. त्यांनाही त्याच रात्री तसाच ताप होता, फक्त ते कुणाला बोलले नव्हते. दोघं, एकाच कामानंतर, चार ते बारा तासांच्या आत. धान्य-पेंढ्यात काम करणाऱ्यांना होणारी ही ओळखीची गोष्ट आहे: कुजलेल्या चाऱ्याची धूळ एकदम भरमसाट छातीत गेली की त्यातल्या बुरशीमुळे आणि जिवाणूंच्या विषारी अंशांमुळे फुप्फुसं भडकतात. आधीची ॲलर्जी लागत नाही, जो ती धूळ खाईल त्याला होतं. श्वासातून होणारी बुरशीची विषारी बाधा म्हणतात ती खरी ही. पण बघा, त्यासाठी कुजक्या पेंढ्याचा अख्खा माळा उपसावा लागला. भिंतीवरच्या हातभर डागातून एवढी मात्रा कुणाच्या छातीत जात नाही.

याचाच एक जुळा भाऊ आहे आणि त्याला फार जपायला हवं. लक्षणं हुबेहूब तीच: संपर्कानंतर चार ते आठ तासांनी ताप, कोरडा खोकला, धाप. पण तो एकालाच होतो आणि पुन्हा पुन्हा होतो. वैद्यकात त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. ही शिंकांची ॲलर्जी नव्हे, इथे फुप्फुसाच्या आतल्या जाळीलाच सूज येते. दुर्लक्ष केलं तर व्रण कायमचे राहतात. नाक गळत नाही, खाज नाही, म्हणून ॲलर्जीचा संशयच येत नाही. 'व्हायरल' म्हणून महिने जातात.

विदर्भातल्या वाचकांनी इथे थांबून वाचावं. फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांची भारतातली एक मोठी नोंदणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हाच आजार निघाला, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांचा संबंध कूलरशी आला होता. वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्श्याच्या ताट्या महिनोन्‌महिने ओल्या राहतात, टाकीत शेवाळ धरतं, आणि पंखा ते सगळं थेट झोपलेल्या माणसाच्या तोंडावर फेकतो. मार्चमध्ये जुन्याच ताट्या लावून कूलर सुरू करू नका. टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासा, वाळवा, ताट्या दर वर्षी बदला. कूलर लावल्यापासून कोरडा खोकला आणि जिना चढताना धाप असेल तर तो कूलरच डॉक्टरांना सांगायची पहिली गोष्ट.

माझा घसा

काकूंचं ऐकून मी दुसऱ्याच दिवशी भिंत घासायला घेतली. बाहेर धो धो पाऊस, म्हणून खिडकी बंद. आधी भिंतीवर ब्लीच मारलं. मग त्याच बादलीत, त्याच ब्रशने बेडरूमला लागून असलेल्या बाथरूमचा कोपरा संडास धुण्याच्या ॲसिडने घासायला गेले. बादलीतून हिरवट-पिवळा दर्प वर आला आणि दोन श्वासांत घसा सोलल्यासारखा झाला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, खोकल्याची उबळ, छाती आवळलेली. खाज अजिबात नाही, नुसती आग. बाल्कनीत जाऊन उभी राहिले तेव्हा जरा श्वास आला.

तो क्लोरीन वायू होता. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की तो तयार होतो. ब्लीचमध्ये अमोनिया असलेला क्लीनर मिसळला तर वेगळा, पण तितकाच वाईट वायू बनतो. त्या आठवड्यात आमच्या फ्लॅटमध्ये खरी विषबाधा झाली ती हीच, आणि ती बुरशी काढताना झाली. असं कधी झालं तर बादली तिथेच टाकून मोकळ्या हवेत जा. नंतर काही तासांनी धाप वाढू लागली तर वाट न बघता दवाखाना गाठा, कारण फुप्फुसाला सूज उशिराही येते.

पावसाळ्यात बंद घरात अशी आणखी दोन विषं असतात, ज्यांचं पाप बुरशीच्या माथी मारलं जातं. एक, डांबरगोळ्या. ओलीच्या भीतीने कपाटात ओंजळभर टाकतो, दार उघडलं की डोकं भणाणतं, मळमळतं. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत तर त्या ठेवूच नका. काही बाळांच्या रक्तात जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांनी फुटतात आणि कावीळ होते.

दुसरं विष सगळ्यांत जास्त घातक: गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साइड. पाऊस आत येतो म्हणून बाथरूमची झडप बंद, गिझर आतच लावलेला. या वायूला वास नाही, रंग नाही. आंघोळीनंतर डोकेदुखी, चक्कर, मळमळ, पेंग, आणि बाहेर पडलं की हळूहळू बरं. घरातल्या सगळ्यांना थोडंथोडं. 'या घरात आल्यापासून सगळ्यांचंच डोकं दुखतं, भिंतीला बुरशी आहे' असं कुणी म्हणालं की मी आता पहिला प्रश्न गिझरचा विचारते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, या वायूची बाधा झालेली असतानाही तो आकडा चांगला दाखवतो.

मग काळ्या बुरशीच्या विषाचं काय?

काही बुरशी विष बनवतात, यात शंका नाही. स्टॅकीबॉट्रिस नावाची एक हिरवट काळी, चिकट बुरशी आहे. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात १९९३-९४ साली काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसात रक्तस्राव झाला आणि या बुरशीवर संशय आला. 'विषारी काळी बुरशी' हे शब्द जगभर पसरण्यात त्या प्रकरणाचा मोठा हात आहे. पण अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने तो तपास पुन्हा तपासला आणि २००० साली सांगितलं की संबंध सिद्ध झालेला नाही. ही बुरशी कागद-पुठ्ठा सतत ओला राहिला तर वाढते. तिकडच्या भिंती कागद चिकटवलेल्या जिप्सम बोर्डच्या असतात. आपल्या विटा-सिमेंटच्या गिलाव्यावर काळं दिसणारं बरंचसं दुसऱ्याच, साध्या जातींचं असतं. नुसत्या रंगावरून जात ओळखता येत नाही. आपल्याकडे बघायचंच तर गळतीखालचं जिप्समचं फॉल्स सीलिंग, वॉलपेपर आणि कपाटाची प्लायवुडची पाठ बघा.

बुरशीच्या विषाचे खरे बळी आपल्या देशात अन्नातून गेले. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात पावसात भिजून बुरसटलेला मका लोकांनी खाल्ला. कावीळ, पोटात पाणी. ३९७ माणसं आजारी पडली आणि १०६ दगावली. त्याच घरांतली कुत्रीही मेली. विष कसं वागतं ते यातून दिसतं: जो खाईल तो आजारी. तेव्हा ओलसर घरात भिंतीपेक्षा शेंगदाण्याच्या आणि खोबऱ्याच्या डब्याकडे जास्त लक्ष द्या. कडू, काळपट, लव आलेला दाणा निवडून टाका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजून किंवा शिजवून पूर्ण जात नाही.

आणि २०२१ मध्ये करोनाच्या काळात ज्या 'ब्लॅक फंगस'ने आपल्याकडे हाहाकार केला, तो म्युकरमायकोसिस भिंतीवरच्या डागांतून आलेला नव्हता. तो संसर्ग आहे. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड यांमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांना झाला. नावातल्या 'काळ्या'मुळे आजही लोक भिंत बघून घाबरतात. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयवरोपण झालेल्या माणसाने मात्र बुरशी साफ करायला जाऊच नये.

भिंतीचं काय करायचं

डाग पांढरा असेल तर आधी तो बुरशीच आहे का बघा. पाण्याचा फवारा मारा: विरघळून दिसेनासा झाला तर तो लोणा, म्हणजे गिलाव्यातला क्षार. या क्षाराने ॲलर्जी होत नाही.

मग पाणी कुठून येतं ते शोधा. छताला गोल पिवळसर डाग असेल तर वरच्यांची नहाणी. जमिनीलगत फूटभर पट्टा असेल तर खालून चढणारी ओल. बाहेरची अख्खी भिंत सरीनंतर ओली होत असेल तर बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा. फक्त कपाटामागे असेल तर हवा खेळत नाही. खात्री नसेल तर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बसवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. थेंब प्लॅस्टिकच्या आतून असतील तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरून असतील तर खोलीतल्या हवेतून. पहिल्यात वॉटरप्रूफिंगवाला लागतो, दुसऱ्यात कपाट चार बोटं पुढे ओढून पंखा लावला तरी भागतं. नुसता रंग मारणं म्हणजे पुढच्या जुलैची तारीख ठरवणं.

घासताना भिंत आधी ओली करा. कोरडा ब्रश मारला की बीजाणू घरभर उडतात. एन-९५ मास्क, हातमोजे, साबणाचं पाणी, आणि नंतर पंख्याने कडकडीत वाळवणं एवढं पुरतं. ॲलर्जी असलेल्या माणसाला त्या दिवशी बाहेर पाठवा. तीन बाय तीन फुटांहून मोठा पट्टा असेल तर माहीतगार माणूस बोलवा. भिजून कुबटलेली फोमची गादी वाचत नाही, टाकून द्या. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घेऊन ठेवा. खोली ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी सहसा धरत नाही. आणि वास मारायला धूप घालू नका, दम्याच्या माणसाला तो धूर बुरशीइतकाच बाधतो.

वाक्य पूर्ण बोलता न येण्याइतकी धाप, ओठ निळसर, थुंकीतून रक्त, तीन दिवसांपुढचा ताप, किंवा घरातल्या सगळ्यांना एकदम गुंगी: यातलं काहीही असेल तर वही आणि चाचण्या बाजूला ठेवा, लगेच दवाखान्यात जा.

आमच्या भिंतीच्या बाहेरच्या भेगा सोसायटीने या एप्रिलमध्ये भरून घेतल्या. जुलै आला, कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग पुन्हा धरला. कपाट पुढे ओढलं, पुसून घेतला. मुलगी त्याच खोलीत झोपते. सकाळच्या शिंका आता दोन-तीनवर आल्या आहेत, आणि नाकावरची ती रेघ शोधावी लागते.